सतरंज्या, समया आणि स्पॅम

कुठल्याही मराठी मंडळाचं सचिवपद स्वीकारायचं म्हणजे आधी सामानाची यादी ताब्यात घ्यावी लागते. आमच्या भोपाळच्या मंडळाची यादी अशी: सतरंज्या, निम्म्या उसवलेल्या, समया दोन, पैकी एकीचं डोकं फिरतं, गणपतीचा चौरंग, फक्त आभारप्रदर्शनाच्या वेळी चालू होणारा लाउडस्पीकर, इतिवृत्ताच्या वह्या, आणि एक लोखंडी कपाट, ज्याची किल्ली आत राहिली आहे. हे सगळं चार जणांच्या साक्षीने मोजून सह्या झाल्या, की मावळता सचिव खिशातून एक चिठ्ठी काढून नव्या सचिवाच्या हातात ठेवतो. त्यावर मंडळाच्या ई-मेलचा पासवर्ड असतो. सतरंजी एक कमी भरली तर वार्षिक सभेत तासभर चर्चा होते. त्या चिठ्ठीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

आमचे मावळते सचिव म्हणजे नाना. भेलमधून निवृत्त झालेले आणि वीस-बावीस वर्षं सचिवपदावर राहिलेले. दर वेळी निवडून येत म्हणून नव्हे, दुसरं कोणी उभंच राहत नसे म्हणून. आता ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेलबॉक्सची काळजी करून नका घेऊ. मी असे नियम लावून दिलेत, की स्पॅमचा बापही आत येऊन नाही जाऊ शकत."

ही भोपाळची मराठी. 1956 सालच्या 1 नोव्हेंबरला मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून इथे हलली आणि तिच्या मागोमाग सचिवालयातली मराठी मंडळी टी. टी. नगरच्या क्वार्टर्समध्ये येऊन पडली. पुढे जे भेल झालं त्या हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापनाही त्याच वर्षातली. तिथे अभियंते आले, फोरमन आले. तेव्हापासून आमची मराठी हिंदीच्या शेजारात राहून काही देऊन देते, काही घेऊन घेते. नानांच्या पुण्याच्या सुनेला सासऱ्यांचं बोलणं कळायला वर्षभर लागलं म्हणतात.

तर नानांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. स्पॅमचा बाप आत आला नाही. पण त्याच्याबरोबर दुसरंही कोणी आलं नाही.

सचिव झाल्याबरोबर तक्रारी सुरू झाल्या. कोणी म्हणे, नाटकाच्या तालमीसाठी मेल केला होता, पोच नाही. कोणी म्हणे, वर्गणी ऑनलाइन भरली, पावती मागितली, मंडळ मुकं. एका सरकारी संस्थेने अनुदानाचा अर्ज मागवणारं पत्र पाठवलं होतं, ते मुदत संपल्यावर फोनवरून कळलं. भोपाळात सरकारी संस्था स्वतःहून पैसे देण्याबद्दल पत्र लिहिते, ही घटनाच मुळात दुर्मीळ. ते पत्र आमच्या दारापर्यंत येऊन परत गेलं, हे ऐकून कोषाध्यक्षांनी दोन दिवस चहा घेतला नाही.

मग मी मंडळाच्या संगणकावरच्या आउटलुकमध्ये शिरून नियमांची खिडकी उघडली.

भोपाळपासून 45 किलोमीटरवर, नर्मदापुरमच्या रस्त्याला, भीमबेटका आहे. 1957 साली आपल्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी ते शैलाश्रय उजेडात आणले आणि 2003 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथे गंमत अशी, की एकाच भिंतीवर एका काळातल्या माणसाने हरीण काढलं, त्यावर हजारो वर्षांनी दुसऱ्याने घोडेस्वार काढला, त्यावर आणखी कोणी आणखी काही. आधीचं पुसावं असं कोणाच्या मनात आलं नाही. नानांचे नियम अगदी असेच होते. थरावर थर. जो त्रास झाला त्याचा नियम झाला, आणि जो नियम झाला तो अमर झाला.

तळाच्या थरात नायजेरियाचा राजपुत्र होता. ज्यांची ई-मेलशी ओळख याहू-रेडिफच्या काळात झाली त्यांना हा गृहस्थ घरच्यासारखा माहीत असेल: वडील वारले, बँकेत कोट्यवधी डॉलर अडकले, तुमचा खाते क्रमांक पाठवा, निम्मे तुमचे. या फसवणुकीला जगभर '419' म्हणतात, कारण नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातलं फसवणुकीचं कलम तेच. त्यांचं 419, आपलं 420. अक्कल एकाच अंकाने इकडेतिकडे. नानांनी विषयात 420 हा आकडा असलेला मेलही अडवून ठेवला होता. पण 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आपल्याकडच्या फसवणुकीचं कलम 318 झालं. म्हणजे सरकारने ठकांचा नंबर बदलला, नानांच्या यादीत मात्र जुनाच चालू. दरम्यान त्या नियमाने एका सभासदाचे मेल गिळले, ज्यांचा क्वार्टर नंबर 420 होता. आयुष्यभर या नंबरावरून चेष्टा सहन केली, निदान मेलबॉक्सने तरी करायला नको होती, असं ते म्हणाले.

हा भोपाळचा खास प्रश्न आहे. या शहराचा पत्ता आकड्यांशिवाय पुराच होत नाही. इथे माणसं सहा नंबरला राहतात, दहा नंबरला भाजी घेतात आणि अकरा नंबरला डॉक्टरकडे जातात. हे सगळे कधीकाळचे बसस्टॉप. वस्त्यांची नावं 'चौऱ्याहत्तर बंगले', 'पंचेचाळीस बंगले', 'बाराशे पन्नास'. अरेरा कॉलनीत राहणाऱ्याच्या पत्त्यात 'ई' हे अक्षर, मग आकडा, मग तिरकी रेघ, मग पुन्हा आकडा. विषयाच्या ओळीत अर्थहीन आकडे दिसले तर संशय घ्यावा, हा गाळणीचा जुना आणि सरसकट चुकीचा म्हणता येणार नाही असा नियम. पण 'बैठक: ई-7, अकरा नंबर, 1100 क्वार्टर्सजवळ, 6.30' हा विषय वाचून कुठल्या यंत्राला ही कोजागरीच्या दुधाची बैठक आहे असं वाटेल?

राजपुत्राच्या वरचा थर औषधांचा. पुरुषांना तरुण करणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींनी एके काळी सगळ्या जगाच्या पेट्या भरल्या होत्या. त्यातल्या 'सिआलिस' या गोळीचं नाव नानांनी अडवलं. आउटलुकचा नियम शब्द पाहत नाही, अक्षरं पाहतो. सांगितलेली अक्षरं दुसऱ्या शब्दाच्या पोटात सापडली तरी त्याला चालतात. इंग्रजी 'स्पेशालिस्ट' या शब्दाच्या पोटात ती गोळी अख्खी बसते. त्यामुळे हृदयरोगाचे स्पेशालिस्ट, नेत्ररोगाचे स्पेशालिस्ट, मंडळाच्या आरोग्य शिबिराला यायला तयार असलेले सगळे डॉक्टर उत्तेजक औषधांचे विक्रेते ठरून कचऱ्यात गेले. सोशालिस्टच्या पोटातही ती बसते, पण भोपाळात सोशालिस्ट आता फारसे मेल करत नाहीत.

या दुखण्याचं नावाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं. 1996 साली एओएल या कंपनीने स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खाती उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या स्पेलिंगमध्ये एक शिवी दडली होती. आपल्याकडच्या दीक्षित मंडळींना हे दुःख समजावून सांगायला नको.

पण खरी कत्तल आडनावांची झाली. मराठी आडनावं इंग्रजी अक्षरांत लिहून पाहा. सावे लिहिलं की वाचणाऱ्याला 'सेव्ह' दिसतं. मोरे म्हणजे 'मोर'. साळे म्हणजे 'सेल'. हे तिघे कार्यकारिणीत असतील आणि एकाच मेलमध्ये तिघांची नावं असतील, तर तो मेल कपड्यांच्या दुकानाची जाहिरात नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर येते. आणि दाते! दाते म्हणजे 'डेट'. एकाकी पुरुषांना मैत्रिणी मिळवून देणाऱ्या मेलांचा सुळसुळाट झाला तेव्हा नानांनी तो शब्द बंद केला, आणि सत्तरी ओलांडलेल्या, कानटोपी घालून हिशेब तपासायला येणाऱ्या आमच्या दाते काकांची रवानगी त्या सुंदरींच्या घोळक्यात झाली. काकूंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "यांना तिथेही कोणी उत्तर नसेल देऊन राहिलं." 'विन' म्हणजे जिंकलात, हा शब्द अडवल्यामुळे मंडळातल्या झाडून साऱ्या अश्विनी गायब झाल्या; त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात बक्षीस बसलेलं आहे.

लॉटरीचा नियम वेगळ्याच कारणाने फसला. 'तुम्हाला लॉटरी लागली' हा मेल जगात सगळीकडे खोटा असतो, फक्त मुंबईत तो म्हाडाचा असू शकतो. सभासदांची निम्मी मुलं मुंबई-पुण्यात. घराच्या सोडतीच्या बातम्या ती मंडळाच्या पत्त्यावर आनंदाने कळवत, आणि मंडळाची गाळणी तो आनंद न वाचताच फेकून देई. पडून राहिलेल्या पैशांचंही तसंच. 'तुमच्या नावावर बेवारस ठेव पडून आहे' हे वाक्य वाचून शहाणा माणूस मेल पुसतो. पण ऑगस्ट 2023 मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, ते नेमकं याच कामासाठी: वेगवेगळ्या बँकांत विसरलेल्या ठेवी शोधायला. राजपुत्राची गोष्ट अखेर खरी झाली, फक्त निम्मे पैसे मागणारा राजपुत्र तेवढा वगळला गेला.

इथवर अडवणारे नियम झाले. सोडणारे नियम याहून भयंकर. नानांनी काही पत्ते असे नोंदवले होते, की त्यांच्याकडून काहीही आलं तरी डोळे मिटून आत घ्यायचं. त्यात पहिला मान स्टेट बँक ऑफ इंदोरचा. भोपाळच्या जुन्या मराठी घरांतून या बँकेबद्दल अजून माहेरच्या माणसासारखं बोललं जातं. ती 2010 साली स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. पासबुकं बदलली, पाट्या बदलल्या. नानांच्या यादीत तिचं कुंकू शाबूत. रेल्वेच्या तिकिटांचे मेल 'प्रवास' या कप्प्यात टाकणारा नियम 'हबीबगंज' शब्द शोधत बसलेला. ते स्टेशन नोव्हेंबर 2021 पासून राणी कमलापती आहे. होशंगाबादही 2022 मध्ये नर्मदापुरम झालं. बाहेर शहराने कात टाकली आणि आत मंडळाची गाळणी जुन्या पाट्या वाचत पहारा देत राहिली.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे एक व्यापक नियम: पत्त्यात 'बँक' हा शब्द असेल तर सोडावं. नानांचा हेतू उदात्त होता. पण पत्त्यात 'बँक' हा शब्द घालायला पैसे पडत नाहीत. जो बँक नसतो तो तर आवर्जून घालतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने बँकांना आपले इंटरनेटवरचे पत्ते 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव शेवटाखाली हलवायला सांगितलं. तो शेवट बँकेवाचून कोणाला मिळत नाही. म्हणजे एका तारखेने नानांचे खऱ्या बँकांचे जुने पत्ते निकालात निघाले आणि खोट्यांसाठी उघडं ठेवलेलं दार तेवढं उरलं. अडवणारा नियम जुना झाला तर पत्र हरवतं. सोडणारा नियम जुना झाला तर खातं रिकामं होतं.

कृतिदेवचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, पण भोपाळात राहून तो टाळता येत नाही. इथल्या सरकारी कचेऱ्यांनी वर्षानुवर्षं 'कृतिदेव' नावाच्या फाँटात टंकलेखन केलं. हा फाँट खरं तर इंग्रजी अक्षरांना देवनागरीचा मुखवटा घालतो. मुखवटा आपल्या संगणकावर नसला, की आतलं उघडं पडतं. 'माननीय' या शब्दाच्या जागी ई, के, यू, यू, एच आणि शेवटी एक अर्धविराम. सबंध पत्र असंच. माणसाला ते वाचून चक्कर येते, यंत्राला वाटतं कोणीतरी गाळणीला चकवायला मुद्दाम बडबडगीत लिहिलंय. अनुदानाच्या पत्राचं असंच झालं असणार, असा माझा संशय आहे. कागदावर जो माननीय होता तो तारेतून येताना अर्धविरामात संपला.

नानांना पुण्याला फोन लावला. त्यांना प्रत्येक नियम पाठ होता.

"नाना, हा 'प्रिय मित्र' शब्द का अडवलाय?"

"अहो, तो नका काढून देऊ! 2006 साली त्या नावाने एकाने आपल्याला सौर चूल विकून दिली होती."

"आणि हा 'झूम'?"

"2020 मध्ये वेबिनारवाल्यांनी जीव खाल्ला. रोज एक. मी बंद करून टाकलं."

"पण नाना, इंदूरवाले आता बैठका झूमवरच घेतात."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "इंदूरवाल्यांशी आपलं फार कधी जमून नाही राहिलं."

मग न्यू मार्केटमधून संगणक दुरुस्त करणारा मुलगा बोलावला. जुन्या शहरातला, अस्सल भोपाली. नियमांची यादी वरून खाली सरकवत गेला, खालून वर आला, आणि खुर्ची मागे ढकलून म्हणाला, "को खां, ये फिल्टर हेगा के कर्फ्यू?" त्याने जे सांगितलं ते मात्र सोन्याचं होतं. आउटलुक नियम वरून खाली एकामागून एक वाचतं, आणि नियमाला 'यापुढचे वाचू नका' अशी खूण केली असेल तर तिथेच थांबतं. नानांनी ती खूण बहुतेक सगळ्यांना केली होती, कडकपणा म्हणून. त्यामुळे वरच्या एका नियमात मेल सापडला, की खालच्या, त्याला वाचवू शकणाऱ्या नियमापर्यंत सुनावणी जातच नसे. शिवाय अर्धे नियम 'कायमचं पुसा' म्हणणारे. मुलगा म्हणाला, फाशी देऊ नका, कोठडीत टाका. वेगळा कप्पा करा, निदान जामिनाची सोय राहील. अडवलेल्या पत्त्यांची लांबलचक यादी त्याने मला न विचारता रिकामी केली. स्पॅम पाठवणारा दर वेळी नवा खोटा पत्ता वापरतो; त्याचा कालचा पत्ता अडवून आज काहीच मिळत नाही.

एरवी मी नानांना हसलो असतो. पण हा रोग नानांपुरता नाही. पहिला स्पॅम 3 मे 1978 चा: डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना एकगठ्ठा पाठवलं. तेव्हापासून शहाण्या माणसांनी त्यावर नियम लिहायला घेतलेत. जानेवारी 2004 मध्ये दावोसला बिल गेट्स म्हणाले, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. नाना सांगतात की ते वाचूनच त्यांनी हे काम हाती घेतलं; दोन वर्षांचाच तर प्रश्न होता.

त्याहून मजेशीर गोष्ट 'स्पॅमअसॅसिन'ची. हा मोफत मिळणारा, जगभरच्या सर्व्हरांवर बसवलेला पहारेकरी. आमच्या मंडळाचा मेल ज्या कंपनीकडे आहे तिथेही तोच आहे. तो एका शब्दावर कोणाला फासावर चढवत नाही, गुण देतो. विषय सगळा मोठ्या अक्षरांत, इतके गुण. पाठवणाऱ्याच्या पत्त्याबद्दल शंका, इतके. नेहमीच्या मांडणीत बेरीज पाचावर गेली की स्पॅम. या पहारेकऱ्याच्या वहीत एक नियम होता: मेलवर फार पुढल्या भविष्यातली तारीख असेल तर गुण द्यावेत. भविष्य म्हणजे 2010 पासून पुढे, असं लिहिणाऱ्याने ठरवलं, कारण लिहिताना 2010 फार लांब होतं. मग 1 जानेवारी 2010 उजाडला, आणि त्या दिवशी साऱ्या जगाने लिहिलेला प्रत्येक प्रामाणिक मेल एका रात्रीत संशयित झाला. नववर्षाच्या शुभेच्छा धडाधड कचऱ्यात. चूक आधीच कोणाच्या तरी लक्षात आली होती, पुढच्या आवृत्तीत दुरुस्तीही झाली होती. जी आवृत्ती लोक वापरत होते तिच्यापर्यंत ती पोचवायची राहून गेली. आमच्या मंडळाच्या कारभाराची एवढी अचूक नक्कल परदेशात कोणी केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

आता शब्दांच्या याद्यांचा जमाना सरला. ऑगस्ट 2002 मध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने एका लेखात मांडलं, की नियम लिहीत बसू नका, यंत्रालाच उदाहरणं द्या: हा चांगला, हा वाईट. कुठला शब्द किती वेळा कुठे येतो यावरून ते स्वतः संभाव्यता काढेल. ही कल्पना फोफावली. म्हणजे आज आपण 'स्पॅम' किंवा 'स्पॅम नाही' हे बटण दाबतो तेव्हा गाळणीला धडा देत असतो. इथे मराठी माणसाचा स्वभाव आड येतो.

झालं असं, की आत येणारं सुधारलं, तर बाहेर जाणारं अडकू लागलं. मंडळाची कोजागरीची निमंत्रणं सभासदांच्या जीमेलमध्ये थेट स्पॅममध्ये पडायला लागली. कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघाला. एकेकाला विचारता कळलं, की बऱ्याच जणांनी मंडळाच्या मेलवर 'स्पॅम' दाबून ठेवलंय. 'यादीतून नाव काढा' असं कळवायला त्यांना संकोच वाटतो. एक काका म्हणाले, "नाव काढा म्हटलं की तुम्ही घरी येता, चहा होतो, संबंध बिघडतात. बटण दाबून देण्यात कोणाला काही कळत नाही." कळतं, काका. फेब्रुवारी 2024 पासून गूगलने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले: मेल खरंच तुमचाच आहे याची तांत्रिक ओळख हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. हिशेब मांडा. मंडळाचे मेल जातात 300 घरांत. एका काकांनी बटण दाबलं की झाले 0.33 टक्के. एक रुसलेला सभासद पुरेसा आहे, आणि मराठी मंडळात एकच सभासद रुसलेला असण्याची शक्यता कोणत्याही गणिताने शून्य येते.

मग रीतसर 'नियम उपसमिती' नेमली गेली. पहिल्याच बैठकीत माजी उपाध्यक्षांचा सूचनावजा आग्रह आला, की विद्यमान उपाध्यक्षांचे मेल आपोआप कोठडीत जावेत. विद्यमान उपाध्यक्षांची हीच सूचना उलट दिशेने. कोषाध्यक्षांना 'खर्च' हा शब्द अडवून हवा होता. एका ताईंनी विचारलं, रात्री अकरानंतर येणाऱ्या कवितांसाठी काही करता येईल का. त्यावर प्रथमच पूर्ण एकमत झालं, पण समितीत दोन कवी निघाले.

शेवटी जे ठरलं ते थोडक्यात असं. प्रत्येक नियमाच्या नावात तो कोणी, कधी आणि कशासाठी केला हे लिहायचं. एका शब्दावर कोणालाही पुसायचं नाही. जुना नियम काढण्याआधी महिनाभर त्याची टिक नुसती काढून ठेवायची. काही बिघडलं नाही तर विसर्जन. सोडणाऱ्या पत्त्यांची यादी दर सहा महिन्यांनी वाचायची, बँकांपासून सुरुवात करून. आणि दर रविवारी सकाळी, पोहे-जलेबीनंतर, एकाने कोठडी उघडून बघायची. नानांनी फोनवर हे ऐकलं आणि म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण सौर चूलवाला परत येऊन जाईल, बघा."

येईलही. पण तो मेलने येणार नाही, ही माझी खरी धास्ती. नोव्हेंबर 2024 मध्ये अरेरा कॉलनीत एका व्यावसायिकाला त्याच्याच घरात व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करून बसवलं होतं; पलीकडचे लोक आपण ट्रायचे, सीबीआयचे, मुंबई क्राइम ब्रँचचे असं सांगत होते. मध्य प्रदेशचे सायबर पोलीस कॉल चालू असतानाच घरी पोचले, कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्यांनी समोरच्यांची ओळखपत्रं मागितली, आणि ते सगळे अधिकारी क्षणात अंतर्धान पावले. सबंध इंटरनेटच्या इतिहासात इतका चोख फिल्टर मी पाहिलेला नाही: दाराची घंटा वाजवून विचारणं, तुम्ही कोण. कुठलीही अटक व्हिडिओवर होत नाही आणि असा फोन आला तर 1930 हा नंबर लावायचा, एवढं मी मंडळाच्या फलकावर खडूने लिहून ठेवलंय. फलकाला स्पॅम फोल्डर नसतो.

एक विनंती मात्र आपल्यालाही. भोपाळशी काही संबंध असेल, कधी काळी आमच्या मंडळाचे सभासद असाल, तर आज आपला स्पॅमचा कप्पा जरा उघडून बघा. वर्गणीचं स्मरणपत्र तिथे पडलं असण्याची दाट शक्यता आहे. जीमेल ते 30 दिवसांनी आपोआप पुसून टाकतं. आमच्या कोषाध्यक्षांच्या वहीत तशी सोय नाही.